अळणी मासा

आमच्या घरी माझं ताट आधी बायको चाखते, मग माझ्यापुढे सरकवते. वरणात एक बोट, भाजीत एक बोट. जिभेला लावते, थोडी थांबते आणि म्हणते, "हं, बसा आता." पाहुणे असले तरी यात खंड नाही. पाहुण्या बायकांना वाटतं, नवऱ्याची केवढी काळजी! मागे एक विहीणबाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या की अशी बायको मिळायला पुण्याई लागते. मी खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिलो. पुण्याईचं खरंच आहे. पण त्या चाखण्यात काळजीपेक्षा दुसरंच काहीतरी आहे, आणि ते माझ्यामुळे आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच मुळी.

मी तीस वर्षं काळी-पिवळी चालवली. मेहकर ते चिखली, चिखली ते मेहकर. जीपमध्ये मावतात त्याच्या दुप्पट माणसं कोंबायची आणि मध्ये कुठे थांबायचं नाही, कारण आपण थांबलो की मागचा गाडीवाला पुढच्या फाट्यावरची सीट उचलतो. पाणी प्यायलं की थांबावं लागतं, म्हणून पाणी कमी. बीपीची गोळी लागली होती, ती डोकं दुखायचं थांबल्यावर मीच बंद करून टाकली. गोळी काय जन्मभर खायची असते का बे, असं मी स्टँडवर चार जणांना शिकवायचोसुद्धा. शेवटी पाय सुजले, तोंड सुजलं. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि दोन्ही किडन्या थकल्या आहेत म्हणून सांगितलं. पथ्य पाळलं तर मशीनवर जायची वेळ लांबवता येईल. नाही पाळलं तर ती लवकरच येईल. एवढं स्पष्ट बोलून त्यांनी मला आहाराच्या ताईंकडे पाठवलं.

बायको तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभी होती. ती माझ्यासोबत वर आली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

ताई माझ्या पोरीपेक्षाही लहान. तिने एक कागद पुढे ठेवला आणि एकेक गोष्ट काढून घ्यायला सुरुवात केली. लोणचं नाही, पापड नाही, ठेचा नाही, केळं नाही, टमाटा नाही. पालेभाजी चिरून गरम पाण्यात ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायची. दिवसाचं मीठ चमच्याने मोजून. मी हो हो म्हणत होतो आणि मनातल्या मनात स्वतःचं श्राद्ध घालत होतो. मग मी विचारलं, "ताई, मासा?"

"सुकी मासळी अजिबात नाही," ती म्हणाली. "ताजा मासा चालेल, काका. आठवड्यातून एकदा-दोनदा. पण मीठ नावाला आणि तुकडा एवढाच." तिने आपला तळहात पुढे केला. केवढासा तो हात! मी म्हटलं, "ताई, हाताचं माप घ्यायचं तं माह्या हाताचं घ्या." तीस वर्षं स्टेअरिंग धरून माझा पंजा परातीएवढा झालेला. ती हसली. म्हणाली, "माझ्याच हाताचं. आणि ज्या दिवशी मासा, त्या दिवशी वरण नाही, अंड्याचा पांढरा भाग नाही. तिन्हीपैकी कुठलंही एकच. मासा नको असेल तर नुसतं पातळ वरणही पुरे."

कागद इंग्रजीत होता. घरात इंग्रजी कळणारा मी एकटाच, तेही दहावी नापास झालो तेवढंच.

खाली आलो. बायकोने विचारलं, "काय म्हने ताई?"

मी सगळं नीट सांगितलं. लोणचं, पापड, केळं, पालेभाजीचं पाणी. आणि शेवटी म्हणालो, "अन् मासा पाह्यजेच म्हने. हप्त्यातून दोनदा. नाही खाल्ला तं अंगातली ताकद जाते म्हने."

इतकं सहज निघून गेलं तोंडातून. फाट्यावर "चला, लगेच सुटते गाडी" म्हणावं, आणि गाडी अर्धा तास सुटू नये, तितकं सहज.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमची पोरगी लहानपणी तापाने अगदी जायची राहिली, तेव्हा गावातल्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांच्या हातून तिने ती घालून घेतली. त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. माळ घातली की मांस-मासा खाणं सोडाच, शिवायचंही नाही. आमच्यासारख्या घरांत त्याची एक रीत ठरलेली असते. नवऱ्याला खायचं असेल तर त्याने बाहेर शिजवावं. गोठ्यामागे तीन दगडांची चूल, जर्मनचा एक वेगळा गंज, म्हणजे पातेलं, एक वेगळी पळी आणि एक वेगळी थाळी. ही भांडी कधी घरात येत नाहीत, बाहेर लिंबाच्या झाडाला खिळ्यावर टांगलेली असतात. खायचंही तिथेच, पोत्यावर बसून. मग बाहेरच आंघोळ करायची आणि घरात यायचं. मी बावीस वर्षं असाच मासा खाल्ला आणि तक्रार केली नाही. उलट स्वतःच्या हातचं तिखटजाळ खाण्यात मजा होती.

बाजाराच्या दिवशी मी अमडापूरला गेलो आणि धरणाचा रोहू आणला. चूल पेटवली. बायको गोठ्याच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, दहा हातांवर, पदर नाकाला.

"किती टाकलं मीठ?"

"चिमूटभर."

"दाखवा बरं."

"तिथून काय दिसते तुले? टाकलं म्हनलं ना चिमूटभर!"

मी तिच्यावर खेकसलो. माझी ही खोड जुनीच आहे, चूक माझी असली की माझा आवाज चढतो. चिमूट कसली, मूठच होती ती. तिला जवळ येता येत नव्हतं आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचा हात सढळ हाये. तुमच्या हातानं हे काम होत नाही."

"मंग काय करू? मासा तं पाह्यजेच."

त्या वाक्याआधीच मी थांबायला हवं होतं. ती उठली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. मी दारातून पाहत होतो. तिने दोन्ही हात मानेमागे नेले, माळ वर उचलली, केसांत थोडी अडकली ती सोडवली आणि पितळेच्या डबीत ठेवली. डबीला झाकण लावलं, हात जोडले. उठली तेव्हा डोळे कोरडे होते. मला म्हणाली, "माळ गळ्यात ठेवून मले मास्याले हात लावता येत नाही. औषद हाये ना ते? देवाले समजते."

मला देव नव्हता दिसत. मला रोहूचा तुकडा दिसत होता. खरं लिहायचं म्हणून लिहितो, मला त्या क्षणी वाईट वाटलं ते पुसटसं, आणि भूक लागली होती ती खरीखुरी.

तिला मासा करता येत नव्हता. बाजारात मासे विकणारी भोईण मावशी कापून, साफ करून द्यायची, तरी ही हळद आणि ज्वारीचं पीठ लावून तो इतक्यांदा धुवायची की शेवटी पाणी विहिरीतून आल्यासारखं स्वच्छ निघायचं. तुकडा स्वतःच्या तळहातावर ठेवून मापायची. ताईच्या हाताचं माप मी सांगितलंच नव्हतं, पण तिचा हातही लहानच. मीठ घालायला तिने नातवाच्या औषधाच्या बाटलीवरचा चमचा काढून ठेवला होता. तो अर्धा भरायचा, बोटाने सपाट करायचा आणि घालायचा.

आणि ती चाखायची नाही. मासाच नव्हे, काहीच नाही. देवाला दाखवायच्या आधी स्वयंपाक उष्टा करायचा नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने कधी भाजी चाखून पाहिली नाही. सगळा हाताचा अंदाज, आणि तो अंदाज कधी चुकला नाही. शंभर माणसांच्या पंगतीचं वरण तिने न चाखता केलेलं मी पाहिलंय.

मासा शिजला की थाळीत वाढून पोत्यासमोर ठेवायची आणि लगेच न्हाणीत जायची. अंगावरचं लुगडंही तिथेच धुवायची. हिवाळ्यात बंबातलं गरम पाणी मला ठेवून ती गारच अंगावर घ्यायची.

ती न्हाणीत गेली की मी खिशातून डबी काढायचो.

चुन्याची डबी. दोन्ही बाजूंनी उघडणारी, एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. दुखणं निघालं तेव्हा मी तंबाखू सोडली, याचं घरात फार कौतुक झालं. डबी मात्र खिशातच राहिली. बायको पोरीला फोनवर सांगायची, "रिकामी डबी घेऊन फिरतात बिचारे, सवयच ना ती." रिकामी नव्हती. तिच्यात दोन्ही बाजूंनी मीठ भरलेलं होतं.

अळणी मासा ज्याने खाल्लाय त्यालाच तो कळेल. मऊ, फिका, गिळताना कसनुसा. मी स्वतःला समजावायचो, एवढं तर मीठ, त्याने काय होतं? चिमटीने सुरुवात झाली. मग दोन चिमट्या. मग डबीचं एक तोंड अख्खं उपडं व्हायला लागलं. न्हाणीतून पाण्याचा आवाज यायचा आणि मी भराभर खायचो. पाणी ओतायचा आवाज थांबला की डबी खिशात. साठीच्या पुढचा माणूस, आणि शाळेत चिंचा चोरणाऱ्या पोरासारखा कान टवकारून बसायचा. तिने ज्या सोवळ्यासाठी आंघोळ करायची, त्याच आंघोळीच्या आडोशाने मी तिला फसवत होतो. तेव्हा हे असं डोक्यात आलं नव्हतं. आता रोज येतं.

पाय पुन्हा सुजायला लागले. सकाळी चपलेत पाय जाईना. बायकोने माझं बाकीचं खाणं तपासलं, पिठाचा डबा पालथा घातला, तेल बदललं, पालेभाजीचं पाणी एकदा ओतायची ते दोनदा ओतू लागली. मासा करताना चमचा अर्धाही भरेना. आणि जेवताना माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "माह्याच हातात काई खोट हाये का हो?" मी म्हणालो, "नशीब आपलं." एवढं बोलून मी कूस बदलली. नशिबाचं नाव घ्यायला माझी जीभ कशी वळली, देव जाणे.

पुढच्या तपासणीला ती हट्टाने माझ्यासोबत वर आली. ताईने रिपोर्ट उघडले आणि तिचा चेहरा उतरला. "काका, असं चाललं तर मशीन फार लांब नाही. मिठाचं काय करताय तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. हात जोडूनच बोलली.

"चूक माही हाये, ताई. त्याइले बोलू नका. मासा मीच करतो. चमचा मोजूनच टाकतो मी, पन गेल्या टायमाले मले राहवलं नाही. म्हनलं आपलंच माप चुकत असन. म्हनून मी चाखून पाह्यला. माळकरी होती मी. बावीस वर्सांनी तोंडात मासा घेतला. मले तं अळनी लागला. पन मले आता त्याची चव का समजते? खारट असन तो. तुमी सांगा, किती कमी करू?"

मी खिडकीकडे पाहत होतो. खाली रस्त्यावर एक जीप सीट भरत होती. खिशातली डबी मांडीला लागत होती.

ताई गोंधळली. म्हणाली, "पण काकू, तुम्ही माळ घालत होतात तर मासा कशाला करता? काकांना मी तेव्हाच सांगितलं होतं, मासा खाल्लाच पाहिजे असं काही नाही. पातळ वरण पुरे आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, दारात कोण आलंय ते पाहावं तितकंच. मला वाटलं, आता ही सगळं काढेल. काढायला हवं होतं. इतक्या परक्या पोरीसमोर माझी लाज निघाली असती तर बरंच झालं असतं. पण ती ताईकडे वळली आणि म्हणाली, "हाव, ताई. आमची समजायची चूक झाली. अडानी मान्सं आमी."

आमची म्हणाली ती. आमची.

परतीच्या गाडीत ओळखीच्या ड्रायव्हरने मला पुढची सीट दिली. बायको मागे बायकांमध्ये बसली. चिखलीपर्यंत आणि चिखलीहून गावापर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आरशात दिसायची ती मधूनमधून. पिशवी मांडीवर आणि एक हात गळ्याशी. जिथे माळ असायची तिथे अजून बारीक फिकट रेघ होती. ड्रायव्हर विचारत होता, "काका, बोलून नाही राह्यले आज?" मी म्हणालो, "बीपी वाढलं."

घरी आलो. तिने हातपाय धुतले, चहा ठेवला, बिनसाखरेचा माझा वेगळा. जणू काहीच झालं नव्हतं. तिने भांडण केलं असतं तर मी दुप्पट आवाजात भांडलो असतो, ते मला येतं. मासा पाहिजेच ही माझी थाप तिला कळली होती आणि ती मला काहीच विचारत नव्हती. तिची एकच चिंता मला दिसत होती. ती त्या औषधाच्या चमच्याकडे पाहत होती. फळीवरून काढला, उजेडात धरला, बोटाने त्याचा तळ चाचपला. चमच्याचंच माप चुकीचं आहे का, हे पाहत होती ती.

मग मला बसवेना. खिशातून डबी काढली आणि तिच्यापुढे ओट्यावर ठेवली.

"काय हे? रिकामी डबी कायले देता?"

"उघड," मी म्हणालो.

तिने एक तोंड उघडलं, मग दुसरं. पांढरं पाहून तिला आधी तो चुनाच वाटला असणार. तंबाखू पुन्हा सुरू केली का, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि थांबली. बोट लावलं. जिभेवर ठेवलं.

मी सांगायला लागलो. तू न्हाणीत गेली की टाकत होतो, दर वेळेला टाकत होतो, तुझा मासा अळणीच होता. सांगताना माझा आवाज चढत होता, नेहमीसारखा, आणि मग मध्येच फुटला. मी भिंतीला टेकून खाली बसलो. बायकोसमोर मी रडलो तो पोरीच्या तापानंतर त्या दिवशीच.

ती उभीच होती. एका हातात डबी, एका हातात चमचा. मी वाट पाहत होतो की ती मला शिवी देईल, डबी फेकून मारेल, माहेरी जाते म्हणेल, निदान माळेचं नाव काढेल. तिने डबी मोरीत पालथी केली, पाणी सोडलं. चमचा पुसला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला. तिचे खांदे एकदम खाली आले. कितीतरी दिवस डोक्यावर धरलेलं ओझं उतरवल्यावर येतात तसे.

आणि ती म्हणाली, "म्हंजे माहं माप बराबर होतं."